वडिलांनी १९८६ साली घेतलेल्या किर्लोस्कर इंजिनाविषयी

आमच्या विहिरीवरच्या पत्र्याच्या खोलीत पाच अश्वशक्तीचे एक किर्लोस्कर डिझेल इंजिन आहे. वडिलांनी ते १९८६ सालच्या उन्हाळ्यात घेतले आणि दोन वेळा पूर्ण खोलून पुन्हा बांधल्यानंतर ते आजही दुसऱ्या-तिसऱ्या हँडलला सुरू होते. मी स्वतः एका तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत तेवीस वर्षे निदेशक होतो आणि योगायोग असा की, तिथेही विद्यार्थ्यांच्या चाचण्यांसाठी याच जातीचे इंजिन पायाला बोल्ट करून बसवलेले होते. म्हणजे सुट्टीच्या दिवशी शेतात आणि नोकरीच्या दिवशी प्रयोगशाळेत, असे एकाच यंत्राशी माझे दुहेरी नाते राहिले. त्या नात्याच्या आधारावर हे परीक्षण लिहीत आहे. यंत्राबरोबर ते बनवणाऱ्या घराण्याच्या उद्योगाचाही विचार त्यात येईल, कारण हे इंजिन असे का आहे याचे उत्तर त्याच्या पाटीवर नसून त्या उद्योगाच्या वाढीत आहे, असे माझे मत झाले आहे.

आधी यंत्राविषयी. एव्ही १ या नावाने ओळखले जाणारे हे मॉडेल एका सिलिंडरचे, चार स्ट्रोकचे आणि पाण्याने थंड होणारे आहे. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर आणि स्ट्रोक ११० मिलिमीटर, म्हणजे आकारमान साधारण ५५३ घनसेंटिमीटर, आणि मिनिटाला १५०० फेऱ्यांवर शक्ती पाच अश्वशक्ती म्हणजे ३.७ किलोवॅट. आजच्या मोटारसायकली याहून कमी आकारमानात कितीतरी जास्त शक्ती देतात, त्यामुळे हे आकडे ऐकून आमचे विद्यार्थी नाक मुरडत असत. त्यांना मी पिस्टनच्या सरासरी वेगाचे गणित करायला लावी. ते सेकंदाला साडेपाच मीटर येते. वेग इतका बेताचा असल्यामुळे पिस्टनच्या रिंगा आणि लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतली बदलता येणारी नळी, दोन्ही सावकाश झिजतात, आणि ऊस किंवा द्राक्षबाग भिजवताना सलग आठ-दहा तास एकाच वेगाने चालणाऱ्या यंत्राला नेमके हेच हवे असते. शेतकऱ्याला इंजिनाकडून चपळाई नको असते. त्याला पाण्याची पाळी संपेपर्यंत ते बंद पडू नये एवढेच हवे असते.

इंजिन सुरू करण्याची रीत ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो. पहाटे खोलीत गेल्यावर प्रथम डिपस्टिक काढून तेल पाहायचे. नंतर पंपाच्या वरच्या नरसाळ्यातून बादलीने पाणी ओतून पंप आणि सक्शन पाइप काठोकाठ भरायचा. पाणी भरता भरता खाली जात असेल तर सक्शन पाइपच्या तळाच्या फूटव्हॉल्व्हमध्ये, ज्याला आमच्याकडे सरसकट ‘फुटबॉल’ म्हणतात, काडीकचरा अडकला आहे असे समजायचे आणि विहिरीत उतरायची तयारी करायची. मग डिकॉम्प्रेशनची छोटी दांडी उभी करायची, म्हणजे व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो आणि सिलिंडरमधली हवा दाबली जात नाही. हँडल बसवून चार-पाच फेऱ्या वेगात द्यायच्या, फ्लायव्हीलला पुरेशी गती आली की दांडी झटक्यात खाली पाडायची आणि पहिला ‘ठक्’ असा आवाज आला की हँडल ओढून बाजूला व्हायचे. वडील एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत, ती म्हणजे हँडल धरताना अंगठा चार बोटांच्या विरुद्ध बाजूने गुंडाळायचा नाही, तो बोटांच्याच बाजूला ठेवायचा. हँडलने सुरू होणारे कोणतेही इंजिन कधी ना कधी उलटा झटका देते आणि त्या वेळी अंगठा वाचतो तो एवढ्याच काळजीमुळे. तेवीस वर्षांत मी विद्यार्थ्यांना उष्णतेचे ताळेबंद शिकवले, परंतु त्यांच्या आयुष्यात सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट बहुधा वडिलांचा हा अंगठ्याचा नियम असावा.

पंप इंजिनाच्याच लोखंडी चौकटीवर कपलिंगने जोडलेला आहे. पंपाच्या डिलिव्हरीतून एक बारीक नळी इंजिनाच्या जॅकेटला जाते आणि इंजिन थंड करून गरम झालेले पाणी पाटात पडते. ते कोमट पाणी थंडीच्या दिवसांत हातपाय धुवायला फार बरे वाटते. इथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. हा पंप पाणी ओढतो तो हवेच्या दाबाच्या आधारावर, आणि हवेचा दाब तत्त्वतः दहा मीटरपर्यंत पाणी चढवू शकत असला तरी व्यवहारात सात-साडेसात मीटरांपुढे, म्हणजे आमच्या भाषेत पंचवीस फुटांपुढे, सक्शन टिकत नाही. मार्च संपता संपता विहिरीचे पाणी खाली गेले की इंजिन पंपासह विहिरीतल्या चौथऱ्यावर उतरवावे लागे. त्यासाठी साखळीचा घोडा आणि गावातली सहा माणसे लागत, आणि त्या दिवशी घरी पुरणपोळी नसली तरी गोडाचे जेवण असे. विजेवर चालणाऱ्या पाणबुडी मोटारीने हा सगळा खटाटोप संपवला. हा दोष कंपनीचा म्हणता येणार नाही, कारण जमिनीवर बसवलेल्या प्रत्येक पंपाची हीच अडचण आहे.

आता या यंत्रामागच्या उद्योगाकडे वळतो. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे जन्मगावही तेच. एका लहानशा गावाने मराठी माणसाला ‘शाकुंतल’ही दिले आणि नांगरही दिला, याचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे. लक्ष्मणराव चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे त्यांच्या दृष्टीत रंगांची ओळख कमी आहे असे लक्षात आले, तेव्हा रंग सोडून ते यांत्रिक रेखांकनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. बढतीची पाळी आली तेव्हा ती त्यांना डावलून दुसऱ्याला मिळाली आणि त्यांनी नोकरी सोडली. त्याआधीच, १८८८ साली, बेळगावात त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा यांच्या साथीने सायकलींचा व्यवसाय सुरू झाला होता. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत, रामूअण्णा त्या विकत आणि लोकांना चालवायलाही शिकवीत. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही पाटी तेव्हाची आहे.

पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सायकल विकणाऱ्याला सायकल दुरुस्त करावी लागते, दुरुस्तीसाठी लेथ आणि भाता लागतो, आणि ती हत्यारे हाताशी आली की आपण आणखी काय बनवू शकतो हा विचार आपोआप येतो. लक्ष्मणरावांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र बनवले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. तो विकला जाईना. लोखंडामुळे जमिनीत विष कालवले जाते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या बाभळीच्या लाकडाचा नांगर चालवणाऱ्या माणसाने ती समजूत धरली यात मला काही मूर्खपणा दिसत नाही. त्याच्याजवळ पणाला लावायला एकच हंगाम होता. जी गोष्ट गिऱ्हाईकाला नको आहे ती बनवत राहायची आणि ती त्याला हवीशी होईपर्यंत त्याच्या बांधावर जाऊन दाखवत राहायचे, ही त्या घराण्याची सवय नांगरापासूनची आहे.

बेळगावात शहराच्या वाढीसाठी जागा सोडण्याची वेळ आली तेव्हा त्यांच्या मदतीला औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. लक्ष्मणराव त्या वेळी औंधच्या यमाई देवीच्या देवळातील मंडपाच्या कामावर होते. बाळासाहेबांनी आपल्या संस्थानातील कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची जमीन दिली आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्जही दिले. जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला माळ होता. १९१० साली तिथे कारखाना आणि वसाहत उभी राहू लागली आणि पुढे स्थानकाचे नावही किर्लोस्करवाडी झाले. मी लहानपणी मिरजेहून पुण्याला जाणाऱ्या पॅसेंजरने कितीदा तरी त्या स्थानकावरून गेलो आहे. गाडी थांबली की वडील हमखास खिडकीतून कारखान्याकडे बोट दाखवीत, जणू तिथे आमचा सातबारा होता.

त्या वाडीविषयी बरेच गोडगोड लिहिले जाते, त्यामुळे जरा सावधपणे लिहितो. वसाहतीत शिवाशीव पाळायची नाही हा लक्ष्मणरावांचा दंडक होता आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी पहारेकऱ्याचे काम दिले, या गोष्टी खऱ्या आहेत, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या काळात त्या साध्या नव्हत्या. परंतु एका मालकाच्या चांगुलपणावर उभी राहिलेली वसाहत ही मालकाच्याच शिस्तीवरही उभी असते, हे विसरून चालत नाही. मला त्या प्रयोगातला अधिक टिकाऊ भाग वेगळा वाटतो: शेतकऱ्यांची मुले तिथे साचा धरायला, लोखंड ओतायला आणि लेथ चालवायला शिकली, आणि पुढे ती आसपासच्या गावांत, सांगली-कोल्हापूरच्या कारखान्यांत पसरली. माझे इंजिन दोन्ही वेळा ज्या मिस्त्रींनी बांधले त्यांचे वडील वाडीच्या ओतशाळेत होते.

पहिल्या महायुद्धात विलायती नांगर येणे बंद झाले आणि देशी नांगराला मागणी आली. त्याच वेळी कच्चे लोखंड आणि कोक मिळेनासा झाला. युद्धाने एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले. तरीही नांगरामागोमाग गुऱ्हाळासाठी उसाचा चरक आला, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र आले, आणि १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. गिऱ्हाइकांना नांगराची माहिती द्यावी म्हणून निघालेल्या या पत्रकाचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, आणि १९३० साली ‘स्त्री’, १९३४ साली ‘मनोहर’ ही भावंडे त्याला मिळाली. यंत्रांच्या कारखान्याच्या जाहिरात विभागातून एका भाषेची तीन महत्त्वाची मासिके जन्माला यावीत, याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. आमच्या घरात नांगर होता म्हणून ‘किर्लोस्कर’ येत होते की ‘किर्लोस्कर’ येत होते म्हणून नांगर आला, याचा निकाल आजोबांनाही देता आला नसता.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून यांत्रिक अभियांत्रिकी शिकून १९२६ साली परतले. केंद्रापसारी पंप, म्हणजे पंख्याच्या फिरण्याने पाणी बाहेर फेकणारा पंप, वाडीत बनू लागला तो त्याच वर्षी. इथून पुढची साखळी पाहण्यासारखी आहे. मोट सोडून पंप घ्यायचा तर तो फिरवायला काहीतरी लागते; वीज खेड्यात नव्हती, म्हणून डिझेल इंजिन हवे. जिथे वीज आहे तिथे विजेची मोटार हवी. आणि पंप, इंजिन, मोटार या तिन्हींचे सुटे भाग अचूक कापायचे तर लेथ हवेत, तेही परदेशातून आणून परवडत नाहीत. नेमक्या याच वस्तू एकामागून एक आल्या. मंदीच्या दिवसांत नांगर खपेना तेव्हा वाडीत पोलादी फर्निचर बनले. १९४१ साली म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर ही लेथ बनवणारी कंपनी निघाली. १९४६ साली बंगळुरूला विजेच्या मोटारींसाठी किर्लोस्कर इलेक्ट्रिक आणि पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या दोन कंपन्या झाल्या. आमच्या इंजिनाचा वंश खडकीचा. पंप मात्र किर्लोस्करवाडीचा. एकाच चौकटीवर, एकाच कपलिंगने जोडलेल्या दोन यंत्रांवर दोन वेगळ्या कंपन्यांच्या पाट्या आहेत, ही गोष्ट लहानपणी मला चमत्कारिक वाटे. पुढे तिचा अर्थ लागला.

उद्योगसमूह अनेक प्रकारचे माल बनवू लागला की त्याला विस्तार म्हणण्याची पद्धत आहे. या शब्दात थोडी फसगत होते. साबण विकणाऱ्याने सिमेंटचा कारखाना काढावा तशा उड्या इथे, निदान पहिल्या पन्नास वर्षांत, फारशा दिसत नाहीत. प्रत्येक नवा माल हा आधीच्या मालाच्या गिऱ्हाइकाची पुढची अडचण तरी होता किंवा आधीचा माल बनवताना कारखान्याला स्वतःला आलेली अडचण तरी होता. म्हणूनच माझे इंजिन खोलताना ते ज्याने आखले त्याला खेड्यातला मिस्त्री ठाऊक होता, हे जाणवते. सिलिंडर हेड काढायला तीन-चार पाने पुरतात. लायनर ओला, म्हणजे बाहेरून थेट थंड करणाऱ्या पाण्याला लागून, असल्यामुळे तो काढून नवा घालता येतो आणि संपूर्ण ब्लॉक रिबोअर करायला शहरात न्यावा लागत नाही. आमच्या मिस्त्रींनी हे काम लिंबाच्या सावलीत, पोत्यावर सुटे भाग मांडून, दीड दिवसात केले आणि व्हॉल्व्हच्या टॅपेटचे अंतर त्यांनी फीलर गेज, म्हणजे फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या, जवळ असूनही अंदाजाने लावून नंतर गेजने तपासले. अंदाज बरोबर निघाला तेव्हा ते माझ्याकडे पाहून हसले नाहीत, ही त्यांची सभ्यता होती.

१९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत वाडीच्या कारखान्याला आग लावण्यात आली. त्यातून तो पुन्हा उभा राहिला. लक्ष्मणराव १९५६ साली गेले आणि उद्योगाचे केंद्र हळूहळू पुण्याकडे सरकले. १९५८ साली हडपसरला हवेच्या कॉम्प्रेसरसाठी किर्लोस्कर न्यूमॅटिक झाली. १९६२ साली अमेरिकेच्या कमिन्स कंपनीच्या भागीदारीत कोथरूडला मोठ्या डिझेल इंजिनांची किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली. पुण्याच्या मध्यमवर्गात मुलगा ‘किर्लोस्करमध्ये आहे’ एवढे सांगितले की पत्रिका पाहण्याची घाई होत नसे, तो हा काळ. शंतनुरावांनी परवाना पद्धतीवर उघडपणे आणि सातत्याने टीका केली, ती त्या काळच्या उद्योगपतींत विरळाच होती. मला मात्र त्यांच्या टीकेपेक्षा त्यांनी परदेशी सहकार्य घेऊनही इंजिन भारतीय विहिरीला साजेल असे ठेवले हे अधिक मोलाचे वाटते.

सगळेच उद्योग टिकले असे नाही. हरिहरचा लेथचा कारखाना पुढे बंद पडला. आमच्या तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत त्याचे दोन लेथ मी निवृत्त होईपर्यंत चालू होते. कमिन्समधला किर्लोस्करांचा भाग १९९७ साली संपला आणि ती कंपनी कमिन्स इंडिया झाली. त्याच वर्षी टोयोटाबरोबर मोटारींची कंपनी निघाली. किर्लोस्कर ब्रदर्सने २००३ साली इंग्लंडची एसपीपी पंप्स ही कंपनी घेतली. नर्मदेचे पाणी सौराष्ट्राकडे उचलणाऱ्या सरदार सरोवराच्या योजनेत त्यांचे अजस्र पंप बसले, आणि २०१८ साली थायलंडमधल्या थाम लुआंग गुहेत मुले अडकली तेव्हा पाणी उपसण्याच्या कामात सल्ला द्यायला त्यांचे तज्ज्ञ गेले होते. बातमी वाचून आमच्या गावात जो तो आपल्या पंपाकडे जरा आदराने पाहू लागला होता.

आता प्रयोगशाळेतल्या भावंडाविषयी थोडेसे. देशातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत या इंजिनावर आणि त्याच्या थोड्या मोठ्या, ८७.५ मिलिमीटर व्यासाच्या टीव्ही १ या भावावर जेवढे प्रबंध झाले असतील तेवढे क्वचितच दुसऱ्या इंजिनावर झाले असतील. करंजाचे तेल, मोगली एरंडाचे तेल, मोहाचे तेल, तळणीतून उरलेले तेल, जे काही जळू शकते ते संशोधकांनी याच्या टाकीत ओतून पाहिले आहे. याचे कारण साधे आहे: इंजिन एका ठरावीक वेगाने चालते, सिलिंडर एकच असल्यामुळे आत काय चालले आहे ते मोजणे सोपे जाते, आणि कितीही वाईट इंधन दिले तरी ते सहसा बिघडत नाही. आमच्याकडे रोप ब्रेक होता, म्हणजे फ्लायव्हीलशेजारच्या ड्रमवर दोर गुंडाळून त्याच्या टोकांना वजने आणि स्प्रिंग काटा लावायचा आणि ड्रममध्ये पाणी सोडत राहायचे. दोर तापून वास सुटला की प्रयोग नीट चालला आहे असे मुले समजत. पूर्ण भाराला ताशी साधारण एक ते सव्वा लिटर डिझेल लागते हे आम्ही तिथे मोजले, आणि शेतात वडिलांनी बाटलीने मोजून तीस वर्षांपूर्वी काढलेला आकडाही तोच होता.

याच आकड्यावर आजचा निर्णय उभा आहे. आमच्या विहिरीवर एकूण वीस मीटरच्या आसपास उंची धरली तर तासाला पस्तीसेक हजार लिटर पाणी मिळते आणि त्यासाठी डिझेलचे सुमारे शंभर रुपये जातात. ज्वारी-हरभऱ्याला दोन पाळ्या द्यायच्या असतील तर हे परवडते. बारमाही उसाला परवडणार नाही. विजेची किंवा सौर ऊर्जेवरची मोटार ज्याला मिळू शकते त्याने नवे डिझेल इंजिन मुख्य साधन म्हणून घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. आम्ही स्वतः तीन वर्षांपूर्वी सौर पंप बसवला. परंतु श्रावणातले सलग ढगाळ आठवडे, रोहित्र जळाल्यावरचे दहा-बारा दिवस आणि नदीवरून तात्पुरते पाणी उचलण्याची वेळ, या तीन प्रसंगी इंजिनाला पर्याय नाही. आमच्याकडे गेल्या वर्षी ते फार तर साठ तास चालले असेल, आणि त्या साठ तासांनी द्राक्षाची एक बाग वाचवली.

आवाज मोठा आहे. एका सिलिंडरचे ठोके अर्ध्या शिवाराला ऐकू येतात. पूर्वी आवाजावरून कोणाच्या विहिरीवर पाणी चालू आहे हे घरी बसून ओळखता येई, आता मात्र रात्री चालवायचे तर शेजाऱ्याला विचारावेसे वाटते. वजनही भरपूर आहे, ते चाकाच्या गाड्यावर नसेल तर हलवण्याचा विचार करू नये. हे दोन्ही गुणधर्म त्या जातीच्या सर्व इंजिनांत असतात, त्यामुळे त्यांना उणीव म्हणण्यापेक्षा खरेदीपूर्वीची माहिती म्हणावी.

आम्हाला खरा त्रास झाला तो सुट्या भागांमुळे. पहिल्या बांधणीच्या वेळी तालुक्याच्या एका दुकानातून, नाव लिहीत नाही, आम्ही लायनर आणि पिस्टनचा संच घेतला. खोके तंतोतंत खऱ्यासारखे होते, किंमत तिसऱ्या हिश्श्याने कमी होती, आणि तो संच दोन हंगामांत इतका झिजला की तेल वर चढून धूर निळा पडू लागला. मिस्त्रींनी जुना मूळचा लायनर आणि हा नवा शेजारी ठेवून आतल्या पृष्ठभागावरून माझे बोट फिरवले. मूळच्या लायनरवर वीस वर्षांनंतरही होनिंगच्या, म्हणजे मुद्दाम घासून पाडलेल्या, आडव्या-तिडव्या बारीक रेघा हाताला लागत होत्या आणि नव्यावर काच फिरवल्यासारखा गुळगुळीतपणा होता. तेल धरून ठेवायला त्या रेघाच लागतात. दुसऱ्या वेळी आम्ही अधिकृत विक्रेत्याकडून पावती घेऊन भाग आणले, त्याला आता चौदा वर्षे झाली.

खरेदी करणाऱ्याने आज आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २००९ सालच्या कौटुंबिक करारानंतरही घराण्यातील शाखांचे वाद मिटले नाहीत, ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि किर्लोस्कर हे नाव आज एकाहून अधिक स्वतंत्र कंपन्या वापरतात. पूर्वी इंजिन खडकीचे आणि पंप वाडीचा अशी सरळ वाटणी होती. २०१७ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने अहमदाबादच्या ला-गज्जर मशिनरीज या पंप बनवणाऱ्या कंपनीत मोठा हिस्सा घेतला, त्यामुळे आता पंपही दोन्हीकडून मिळतात. दोन्हींचा दर्जा चांगला असू शकतो. परंतु हमीचे कार्ड एका कंपनीचे आणि सेवाकेंद्र दुसऱ्या कंपनीचे असे झाले तर हेलपाटे आपल्या नशिबी येतात. म्हणून दुकानात केवळ नाव न वाचता पाटीवरचे कंपनीचे पूर्ण नाव वाचावे, मॉडेल क्रमांक आणि इंजिन क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा, आणि आपल्या तालुक्यात त्याच कंपनीचे सेवाकेंद्र आहे का हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. जुने इंजिन घेत असाल तर ते थंड असताना सुरू करून दाखवायला सांगावे, ऑइल भरण्याचे झाकण उघडून आतून धुराचा झोत येतो का ते पाहावे आणि हँडलची पाळी स्वतः घ्यावी, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून.